नराच्या पिंजऱ्यातला भुसा टाकला की माद्या तिसऱ्या दिवशी माजावर येतात: खरंच वासाने?

कोयरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय जरा विचित्र वाटेल, पण इथे पशुवैद्य, शेतकरी, प्राणिशास्त्रवाले सगळेच आहेत म्हणून धीर केला.

मी एम.फार्म. करतेय. प्रोजेक्टसाठी पांढरे उंदीर लागतात आणि मला एकाच दिवशी गाभण राहिलेल्या माद्या हव्या असतात, म्हणजे सगळ्यांचे गर्भ एका वयाचे मिळतात. उंदरीणीचं चक्र चार-पाच दिवसांचं. त्या हिशोबाने दहा माद्या घेतल्या तर कुठल्याही रात्री दोन तरी माजावर असायला हव्यात. आमच्याकडे माद्या एका खोलीत आणि नर पलीकडच्या खोलीत. मी रोज सकाळी स्मिअर (योनीतल्या पेशींचा नमुना) घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघते. माजावर असलेल्या मादीच्या काचपट्टीवर केंद्रक नसलेल्या, कडा दुमडलेल्या पापुद्र्यासारख्या पेशींचा नुसता खच दिसतो. माझ्या काचपट्ट्यांवर मात्र बघावं तेव्हा बारक्या गोल पांढऱ्या पेशी. चक्र जणू थांबलंच होतं.

अ‍ॅनिमल हाऊस सांभाळणारे मामा निवृत्तीला आलेत. माझं रडगाणं ऐकून त्यांनी नराच्या पिंजऱ्यातला मूठभर ओलसर भुसा उचलला, माझ्या माद्यांच्या पिंजऱ्यात पसरला आणि म्हणाले, "परवा संध्याकाळी नर सोडा म्याडम." सोडले. सकाळी बघते तर निम्म्याहून जास्त माद्यांमध्ये प्लग, म्हणजे समागम झाल्याची खूण असलेला योनीतला घट्ट बोळा.

कारण विचारलं तर मामा म्हणाले "वास". सर म्हणाले "योगायोग". माझा प्रश्न: वास जातो नाकात, बीजांडकोश पोटात. मधला रस्ता कुठला?

दुसरा प्रश्न. जागा कमी पडते म्हणून सर नवीन आणलेले नर माझ्या गाभण माद्यांच्या खोलीत ठेवायचं म्हणताहेत. मामा म्हणतात अजिबात नको. कोणाचं ऐकू?

टिवल्याबावल्या
मामांचं. पुढचे प्रतिसाद न वाचताच सांगतो.

शेवगा
काहीतरी ठेवलं की तिसऱ्या दिवशी काम होतं, हे आजवर फक्त सरकारी कार्यालयात पाहिलं होतं. 😀

निशाचर
मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी केलं ते वेस्ली व्हिटन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकाने १९५६ मध्ये छापलंय. प्रयोगशाळांमध्ये त्याला व्हिटन परिणाम म्हणतात आणि जगभरात उंदरांची पैदास करणारे लोक तो रोज वापरतात. योगायोग वगैरे काही नाही.

पण आधी तुमच्या माद्या थांबल्या का होत्या ते बघू. १९५५ मध्ये व्हान डर ली आणि बूट या दोन डच संशोधकांनी नोंदवलं की माद्या नराविना एकत्र कोंबून ठेवल्या की त्यांची चक्रं बिघडतात. कुणी खोटी गाभण राहते, कुणाचं चक्र लांबतं, गर्दी जास्त असेल तर माज बंदच. माद्यांच्याच मूत्रातला वास एकमेकींना दाबून ठेवतो. तुमच्या खोलीत तेच चाललं होतं. त्यात नराचा वास आला की दाब सुटतो, सगळ्यांची चक्रं जवळपास एकदम नव्याने सुरू होतात आणि बीजपुटकं पिकायला लागतो तेवढा वेळ जाऊन तिसऱ्या रात्री बऱ्याच जणी माजावर येतात. मामांचं "परवा" तिथून आलं.

आता रस्ता. उंदराच्या नाकात मधल्या पडद्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी असते. डेन्मार्कच्या लुडविग याकोबसनने १८१३ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ते याकोबसनचं इंद्रिय. नेहमीचा वास हवेतून येतो आणि नाकाच्या वरच्या भागात कळतो. या नळीत मात्र पदार्थ जवळजवळ ओढूनच घ्यावा लागतो, त्यासाठी प्राणी नाक टेकवून हुंगतो. तिथून तंतू जातात ते मुख्य गंधकंदाला (मेंदूतल्या वास ओळखणाऱ्या भागाला) वळसा घालून शेजारच्या छोट्या साहाय्यक गंधकंदात, तिथून अमिग्डाला आणि पुढे हायपोथॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागांत. हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचं संप्रेरक ठोक्याठोक्याने सोडत असतो. ठोके वाढले की मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते आणि ती रक्तातून बीजांडकोशापर्यंत पोचतात. म्हणजे नाकापासून मेंदूपर्यंत चेतातंतू आणि मेंदूपासून पोटापर्यंत रक्त. दोन टप्प्यांचा प्रवास आहे.

भुशात काय असतं? मूत्र. माणसाच्या लघवीत प्रथिनं सापडली की डॉक्टर किडनीच्या तपासण्या लिहून देतात. उंदराच्या, त्यातही नराच्या मूत्रात ती भरपूर असतात आणि असायलाच हवीत. यकृतात तयार होणारी ही प्रथिनं स्वतःच्या आत वासाचे छोटे रेणू धरून बसतात आणि हळूहळू सोडतात. त्यामुळे भुसा थोडा सुकला तरी काम करतो. खच्ची केलेल्या नराचा भुसा टाकून बघा, काही होणार नाही. हे सगळं टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर चालतं.

कोयरी
निशाचर, खूप खूप धन्यवाद! दोन टप्पे म्हटल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मामांना वाचून दाखवते.

पाटीलबुवा
आमच्याकडे कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात तेच ना हे? त्यात ल्यूर असतं, मादीचा वास. नर पतंग येऊन अडकतात. सकाळी सापळा उघडून पतंग मोजायचे आणि त्यावर फवारणी ठरवायची.

आणि शेळ्यांचं म्हणाल तर आम्हाला कोणी शिकवलं नाही. माझ्या उस्मानाबादी आहेत. बोकड महिनाभर मळ्यात दुसरीकडे बांधायचा आणि मग आणून कळपात सोडायचा. आठवडाभरात शेळ्या शेपट्या हलवत, ओरडत, खाणंपिणं सोडून त्याच्याभोवती. आमचे वडीलही असंच करायचे.

डॉ_कडीपत्ता
पाटीलबुवा, तुम्ही एका प्रतिसादात दोन वेगळ्या गोष्टी आणल्यात आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पतंगाचा वास हा बोलावणारा. नराला मिळाला की तो त्याच क्षणी उडत येतो. त्याच्या शरीरात आत काही बदलत नाही, वागणं बदलतं. फेरोमोन (एका प्राण्याने सोडलेला, त्याच जातीच्या दुसऱ्यावर परिणाम करणारा पदार्थ) हा शब्द आणि रेशमाच्या पतंगाच्या मादीचा वास वेगळा काढण्याचं काम, दोन्ही १९५९ चं. म्हणून लोकांच्या डोक्यात फेरोमोन म्हणजे 'ओढून आणणारा वास' असंच बसलंय. मामांच्या भुशाने मात्र कुणाला ओढून आणलं नाही. त्याने मादीचं शरीर आतून तयार केलं आणि त्याला दोन-तीन दिवस लागले. ही दुसरी जात. उंदीर, घुशी, हॅमस्टर यांच्या बाबतीत खरी गंमत या दुसऱ्या जातीत आहे आणि जाहिरातवाल्यांना ती विकता येत नाही.

तुमचा बोकड दुसऱ्या जातीत मोडतो. जपानी संशोधकांनी बोकडांच्या डोक्यावर टोप्या चढवून त्यांच्या केसांतून उडणारी वाफ गोळा केली. २०१४ मध्ये त्यांनी त्यातला एक रेणू छापला, ४-इथाइलऑक्टॅनल. खच्ची बोकडात तो नाही. शेळीला हुंगायला दिला की तिच्या हायपोथॅलॅमसमधले, निशाचर म्हणाले ते जीएनआरएचचे ठोके वाढतात. मजा म्हणजे हा रेणू स्वतः लिंबूवर्गीय वासाचा. हवा लागली की त्याचं आम्ल होतं आणि तोच आपल्या ओळखीचा बोकडाचा दर्प.

एक सावधानता. थंड देशांतल्या शेळ्यामेंढ्या ऋतूनुसार माजावर येतात, तिथे हा परिणाम फार ठळक दिसतो. उस्मानाबादी वर्षभर माजावर येते, त्यामुळे तुम्हाला दिसतं त्यातलं किती बोकडामुळे आणि किती तसंही झालं असतं हे सांगणं कठीण. मेंढ्यांत तर नर आणल्यावरची पहिली वेळ पुष्कळदा मुका माज असते. आत बीज सुटतं, बाहेर काही दिसत नाही. मालक म्हणतो मेंढा कामाचा नाही.

पाटीलबुवा
डॉक्टर, टोप्यांचं वाचून बायकोला हसू आवरेना. आमचा बोकड टोपी दोन मिनिटं ठेवणार नाही, खाऊन टाकेल.

पण तुम्ही म्हणता तर यावेळी दोन गट करतो. एका गटात बोकड, दुसरा गट ओढ्यापलीकडे. मग बघू.

डॉ_कडीपत्ता
हे उत्तम. आणि एक बघा: शेळी मुतली की बोकड तिथे नाक लावतो, मग मान वर करून वरचा ओठ गुंडाळून उभा राहतो. तो दात विचकत नसतो, ते याकोबसनच्या नळीत भरणं चाललेलं असतं. टाळूला, दातांच्या जागेमागे त्याची भोकं असतात. घोडा, बैल, रेडा सगळे करतात.

मेतकूट
विषय प्राण्यांचा आहे, पण राहवत नाही. आमच्या हॉस्टेलवर एका खोलीत राहणाऱ्या मुलींची पाळी दोन-तीन महिन्यांत एकत्र यायला लागायची. रेक्टरबाईंनाही माहीत होतं. म्हणजे आपल्यातही व्हिटन आहे तर.

शेवगा
रेक्टरबाईंना माहीत नाही असं काही असतं का?

निशाचर
मेतकूटताई, हा प्रश्न येणार हे माहीत होतं. मार्था मॅक्लिंटॉकने १९७१ मध्ये 'नेचर'मध्ये नेमकं हेच छापलं होतं. अमेरिकेतल्या वेलस्ली कॉलेजच्या वसतिगृहातल्या १३५ मुली. तेव्हापासून ही गोष्ट घरोघरी पोचली. पुढे नीट तपासलं तेव्हा मात्र टिकली नाही. चीनमध्ये १८६ मुलींच्या पाळ्या जवळपास वर्षभर नोंदवल्या, त्याचा निष्कर्ष २००६ मध्ये आला: एकत्र येणं नाही. कुणाचं चक्र २६ दिवसांचं, कुणाचं ३१ चं. अशी दोन चक्रं आपोआप कधी जवळ येतात, कधी लांब जातात. जवळ आलेली लक्षात राहतात.

शिवाय आपल्याकडे सामानच नाही. याकोबसनचं इंद्रिय गर्भात तयार होतं, पण मोठ्या माणसात उरते ती एक खळगी, तिला मेंदूशी जोडणारे तंतू नाहीत. त्या पेशींना लागणारं टीआरपीसी-२ हे जनुकही आपल्यात मोडकं आहे.

मेतकूट
नाही पटलं. आकडे तुमचे बरोबर असतील, पण चार वर्षं एका खोलीत राहिलेय मी. सगळ्यांच्या परीक्षा एकदम, मेसचं जेवण एक, जागरणं एक. वास नसेल तर ताण असेल, पण काहीतरी आहे.

निशाचर
ताणाने चक्र पुढेमागे होतं हे तर मान्यच. माझा वाद फक्त वासाबद्दल.

खडूस आजोबा
इतके प्रतिसाद झाले, व्हिटनवर सगळे भरभरून बोलले, बोकडाला टोपीही घातली. मुलीचा दुसरा प्रश्न कोणी वाचला का? तिचं सगळं काम त्यावर अवलंबून आहे.

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. पोरी, नवे नर गाभण माद्यांजवळ अजिबात येऊ देऊ नकोस. लंडनच्या मिल हिल इथल्या संस्थेत हिल्डा ब्रूस नावाच्या बाई होत्या. १९५९ मध्ये त्यांनी दाखवलं की एका नरापासून गाभण राहिलेल्या मादीजवळ पहिल्या काही दिवसांत परका नर आणला, तर गाभ राहतच नाही. फलित बीजं गर्भाशयात रुजत नाहीत आणि मादी थोड्याच दिवसांत पुन्हा माजावर येते. नराने तिला हातही लावायला नको, त्याचा मळका भुसा पुरतो. तोच पहिला नर परत आणला तर काही बिघडत नाही. मादीचा गंधकंद काढून टाकला तर परका नरही काही करू शकत नाही.

कारण सांगतो. उंदरीणीत समागमानंतर प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दिवसातून दोनदा उसळतं. त्याच्या आधारावर बीजांडकोशातला पीतपिंड टिकतो, पीतपिंड प्रोजेस्टेरॉन देतो, त्यावर गर्भ रुजतो. परक्या नराच्या वासाने हायपोथॅलॅमसमधून डोपामिन हे रसायन वाढतं, डोपामिन प्रोलॅक्टिनला दाबतं. खालचा खांब काढला की वरचं सगळं खाली.

आता यातलं आपल्या देशातलं काम, जे पाठ्यपुस्तकात एका ओळीतही येत नाही. सी. जे. डॉमिनिक. बनारस हिंदू विद्यापीठ. परक्या नराचं मूत्रच यासाठी पुरेसं आहे हे त्यांनी साठच्या दशकात दाखवलं. १९६६ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांचा छोटासा लेख आला: मादीला रेसर्पीन दिलं तर परक्या नराच्या वासाचा परिणाम होत नाही, गाभ टिकतो. रेसर्पीन म्हणजे आपल्या सर्पगंधेच्या मुळीतलं औषध, त्या काळी रक्तदाबासाठी सर्रास देत. ते डोपामिनचे साठे रिकामे करतं. डोपामिन नाही, प्रोलॅक्टिन चालू, गाभ सुरक्षित. मेंदूत तारा घालायची साधनं नसताना एका गोळीने रस्त्याचा मधला टप्पा पकडला. मी वर्गात हे शिकवताना दर वर्षी थांबायचो. मुलं म्हणायची, सर परीक्षेला आहे का?

टिवल्याबावल्या
आजोबा, परीक्षेला आहे का?

खडूस आजोबा
बाकावर उभा राहा.

गुगली
आजोबांचं सगळं वाचलं, आवडलं. पण दोन शंका.

एक, हे सगळं पिंजऱ्यातलं. शेतात उंदरीणीला पळून जाता येतं. अमेरिकेत कुरणातल्या व्होल या उंदरासारख्या प्राण्यांवर उघड्या कुंपणात असेच प्रयोग झाले तेव्हा परिणाम दिसला नाही. पिंजऱ्यात कोंडलेल्या जनावरावरून निसर्गाचे नियम काढायचे का?

दोन, वासच कारण आहे हे इतकं पक्कं नाही. कॅनडात डेनिस डीकॅटॅन्झारो यांच्या गटाचं म्हणणं असं की नराच्या मूत्रात इस्ट्रोजेन असतं. ते मादीच्या नाकातून, कातडीतून थेट शरीरात शिरतं आणि गर्भाशयातच गर्भ रुजू देत नाही. मग याकोबसन, अमिग्डाला, हा सगळा प्रवास कशाला?

निशाचर
दुसरी शंका रास्त आहे आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण नुसत्या इस्ट्रोजेनने एक गोष्ट सुटत नाही: मादीच्या स्वतःच्या नराच्या वासाने गाभ जात नाही. इस्ट्रोजेन तर त्याच्याही मूत्रात आहे. इथे ओळख लागते. बॅरी केव्हर्न आणि हिदेतो काबा यांनी दाखवलं की समागमानंतरच्या काही तासांत मादीच्या साहाय्यक गंधकंदात त्या नराच्या वासाची खूण बसते. त्यासाठी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन लागतं. ते अडवलं तर ओळख राहत नाही आणि मग स्वतःच्या नराच्या वासानेही गाभ जातो.

पहिल्या शंकेला उत्तर माकडांकडून. इथिओपियाच्या सिमियन डोंगरात गेलाडा माकडं आहेत. कळपावर नवा नर आला की गाभण माद्यांपैकी सुमारे ८० टक्के माद्यांचा गर्भ पुढच्या काही आठवड्यांत गेला, असं २०१२ मध्ये छापून आलं. तिथे पिंजरा नाही.

गुगली
गेलाडांत वासाने होतं असं मात्र कोणी दाखवलेलं नाही. नवा नर पिल्लं मारतो, तो ताण पुरेसा आहे. उंदरांतही तोच युक्तिवाद करतात, की पिल्लू मारलंच जाणार असेल तर लवकर गाभ सोडलेला बरा. पण 'फायदा आहे' म्हटलं की 'म्हणून झालं' असं म्हणायची खोड लोकांना लागते. गोष्ट चांगली जमते, पुरावा मागे राहतो.

निशाचर
यावर वाद नाही. यंत्रणा पक्की, हेतू अंदाजे.

बंड्या_पुणे३०
हे सगळं ठीक, पण बाजारात 'फेरोमोनयुक्त' अत्तरं मिळतात ती घ्यावी का? मित्रासाठी विचारतोय.

डॉ_कडीपत्ता
मित्राला सांगा, त्यातल्या अनेकांत अँड्रोस्टेनोन असतं. ते डुकराच्या नराच्या लाळेत येतं. कृत्रिम रेतनाच्या वेळी त्याचा फवारा मादीच्या नाकावर मारतात आणि ती कमान टाकून जागच्या जागी स्थिर उभी राहते. डुकरिणीवर छाप पाडायची असेल तर खात्रीचा माल.

शेवगा
बंड्या, मित्र काय म्हणाला?

बंड्या_पुणे३०
मित्राने ऑर्डर रद्द केली.

आंबेमोहोर
वासाचा विषय निघालाय आणि माझं टोपणनाव हे, तेव्हा विषयांतराचा हक्क माझा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रतनलाल ब्रह्मचारी होते. वाघ झाडाच्या बुंध्यावर मागे शेपूट उभी करून जो फवारा मारतो, त्याला बासमतीसारखा सुवास येतो, यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. रेणू निघाला २-असिटिल-१-पायरोलिन, जो सुवासिक तांदळात असतो. आंबेमोहोर शिजताना घरभर होतो तोही तोच. मावळात भाताच्या खाचराजवळून जाताना पुढच्या वेळी जरा इकडेतिकडे बघा.

पाटीलबुवा
आमच्याकडे वाघ नाही आणि आंबेमोहोरही नाही. ज्वारी आहे, निवांत आहे.

खडूस आजोबा
विषयांतर पुरे. पोरी, आहेस का?

कोयरी
आहे आहे. सगळं वाचतेय, वहीत उतरवतेय. आजोबा, एकच विचारायचं होतं. माझ्या काही माद्या नराबरोबर ठेवून आठवडा उलटून गेलाय. त्यांनाही धोका आहे का? आणि खोली एकच असेल पण पिंजरे लांब असतील तर?

खडूस आजोबा
एकदा गर्भ रुजला की उंदरीणीत हा धोका संपतो. रुजायला चारेक दिवस लागतात. आठवडा झालेल्या माद्या सुरक्षित समज. प्लग दिसल्यापासूनचे पहिले दिवस जपायचे. अंतराचं म्हणशील तर मूत्रातली जड प्रथिनं उडत येत नाहीत, त्यांना नाक टेकवावं लागतं. पण भुसा बदलताना एकाच हातमोज्यांनी आधी नराचा पिंजरा आणि मग मादीचा केलास, तर तूच ते पोचवतेस.

निशाचर
हातमोज्यांचा मुद्दा सोन्यासारखा. माझ्याकडून आणखी थोडं: त्या दिवसांत तिच्या पिंजऱ्यात तिच्या जुन्या नराचा भुसा राहिला तर हरकत नाही, उलट बरंच. आणि पैदाशीसाठी माद्या तयार करताना नराचा भुसा नर सोडायच्या दोन-तीन दिवस आधी टाका, मग नर सोडा. मामा करतात तेच.

अजून एक, प्रबंधात लिहायला उपयोगी पडेल. उंदीर हाताळणारा पुरुष आहे की बाई यानेही फरक पडतो. मॉन्ट्रियलच्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की पुरुषाने, किंवा त्याने रात्रभर घातलेल्या टीशर्टने, उंदरांना ताण येतो आणि त्यांना वेदना कमी जाणवतात. तुमचे निम्मे मोजमाप तुम्ही आणि निम्मे मामा घेत असतील तर नोंद ठेवा.

कोयरी
बाप रे. नोंद ठेवते. मामांना टीशर्टचं सांगितलं तर म्हणाले, "मला बघून पळत नाहीत, भाकरीचा तुकडा असतो खिशात." (मी ऐकलं नाही असं समजा, बाहेरचं खाणं द्यायची परवानगी नाही.)

सरांना ब्रूसबाई आणि डॉमिनिक यांचे संदर्भ काढून दाखवले. वाचले त्यांनी. मग म्हणाले, ठीक आहे, नवीन नर तिथे नकोत, पण जागा तू शोध. आता जुन्या स्टोअरमधून मोडके डेसिकेटर आणि रद्दी काढायची आहे.

टिवल्याबावल्या
संशोधनाचा खरा अनुभव आता सुरू झाला.

मेतकूट
कोयरी, जागा शोधताना एक्झॉस्ट कुठे जातो ते बघ. आमच्या हॉस्टेलला मेसचा एक्झॉस्ट अभ्यासिकेत उघडायचा.

डॉ_कडीपत्ता
मेतकूटताईंचा सल्ला हसण्यावारी नेऊ नका. हलके उडणारे रेणूही मूत्रात असतात. गर्दीतल्या माद्यांच्या मूत्रात २,५-डायमिथाइलपायराझिन असतं आणि ते उडतं. त्याने कोवळ्या माद्यांचं वयात येणं लांबतं. उलट मोठ्या नराच्या मूत्राने त्या लवकर वयात येतात, ते जॉन व्हॅन्डनबर्ग यांनी १९६७ मध्ये दाखवलं. तेव्हा तुमच्या पुढच्या पिढीच्या माद्या एकाच वयात तयार व्हायला हव्या असतील तर त्यांची खोली कुठल्या हवेशी जोडलीय हे आधी बघाच.

पाटीलबुवा
आमच्या मोरीत चिचुंद्री फिरते. वास असा की डोकं उठतं. ती कोणासाठी वास सोडते? तिचंही चार दिवसांचं चक्र का?

निशाचर
नाही, आणि म्हणूनच ती फार मजेदार आहे. दिसायला उंदरासारखी, पण ती उंदराच्या कुळातली नव्हेच. तिला ठराविक चक्रच नसतं. नर भेटला, समागम झाला, की त्यानंतर बीज सुटतं. कुशीवर ग्रंथी असतात, वास तिथून येतो, नरात जास्त. पिल्लं बाहेर पडली की प्रत्येक जण पुढच्याची शेपटीजवळची कातडी तोंडात धरतो आणि आईमागे आगगाडी निघते. मोरीत कधी दिसली तर हाकलण्याआधी फोटो काढा.

पाटीलबुवा
बायको म्हणते, फोटो तुम्ही काढा, मोरी मी धुणार नाही.